आतून बाहेर: फायबरच्या गाडीची दुरुस्ती

ब्रूस मायर्स कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे राहायचा आणि फायबरच्या होड्या बांधायचा. कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्यांवर लोक जुन्या फोक्सवॅगन बीटलचे पत्रे उतरवून उघड्याबोडक्या गाड्या पळवत. इंजिन मागच्या चाकांवर आणि वजन कमी, त्यामुळे त्या वाळूत रुतत नसत. १९६४ साली मायर्सने आपल्या गॅरेजमध्ये तशीच एक गाडी केली, पण तिला पत्र्याऐवजी फायबरची बॉडी दिली. फुगीर गोल मडगार्ड, दारं नाहीत, छप्पर नाही. शेपूट नसलेल्या मँक्स जातीच्या मांजरावरून तिला ‘मायर्स मँक्स’ हे नाव पडलं. एप्रिल १९६७ मध्ये मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पावर ला पाझ ते तिहुआना हे अंतर या गाडीतून ३४ तास ४५ मिनिटांत कापलं आणि मोटरसायकलचा विक्रम पाच तासांहून जास्त फरकाने मोडला. मग गिऱ्हाइकांची रीघ लागली.

मायर्स विकायचा तो मुख्यतः संच: बॉडी, बॉनेट आणि काही सुटे भाग. घेणाऱ्याने जुनी बीटल मिळवायची, तिचा तळाचा सांगाडा मधून कापून सव्वाचौदा इंचांनी आखूड करायचा, वेल्डिंग करून पुन्हा जोडायचा आणि वर ही बॉडी बोल्टने बसवायची. अशा घरी जोडायच्या गाडीला किट कार म्हणतात. ब्रिटनमध्ये ही चाल वेगळ्या कारणाने फोफावली. तिथे तयार नव्या गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. म्हणून लोटस, टीव्हीआर, जिनेटा, गिल्बर्न यांच्या कितीतरी गाड्या घराघरांत जोडल्या गेल्या. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली.

दोन्हीकडे बॉडी फायबरचीच असे, कारण पत्र्याची बॉडी दाबून काढायला प्रेस आणि डाय लागतात आणि तो खर्च हजारो गाड्या खपवणाऱ्या कारखान्यालाच झेपतो. फायबरला साचा, ब्रश आणि रोलर पुरतात. या गाड्या आज पन्नास-साठ वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांना तडे गेले आहेत, कोपरे उडाले आहेत, रंग विटला आहे. पण ज्या साध्या साधनांनी त्या जन्मल्या, त्याच साधनांनी त्या नीट करता येतात. फायबरची गाडी दुरुस्त करणारा माणूस तेवढ्या जागेपुरती ती नव्याने घडवत असतो. फक्त त्याची दिशा उलटी असते, आणि बहुतेक बिघडलेली कामं या दिशेच्या घोटाळ्यानेच बिघडलेली असतात.

साच्यातून निघालेली बॉडी

ही दिशा समजायला बॉडी कशी बनते ते पाहू. साच्याच्या आतल्या गुळगुळीत भागावर मेण चोळतात, म्हणजे माल चिकटत नाही. त्यावर पहिला थर जेलकोटचा. हे रंग मिसळलेलं घट्ट रेझिन असतं आणि त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवतात. तो थर आवळला की त्यावर काचतंतूंची मॅट पसरून पातळ रेझिनने भिजवतात, लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतात आणि असे दोन-तीन थर चढवतात. सुकल्यावर साच्यातून बॉडी उपटून काढतात. म्हणजे जो भाग आपल्याला बाहेर दिसतो तो सर्वांत आधी तयार झालेला असतो, आणि मडगार्डच्या पोटातला खरखरीत भाग सर्वांत शेवटी. बनवणारा बाहेरून आत जातो.

काचतंतू आणि रेझिन यांचं नातं स्लॅबमधल्या सळई आणि काँक्रीटसारखं आहे: ताण तंतू घेतात आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवायचं काम रेझिन करतं. जेलकोटमध्ये मात्र तंतू नसतात. तो चकचकीत, कडक आणि ठिसूळ असतो. खालचा थर वाकला की तो तडकतो. पुट्टीतही लांब तंतू नसतात. म्हणून बाहेरून भेगेत पुट्टी भरून वर रंग मारला तर ती जागा एखादा मोसम छान दिसते आणि मग भेग त्याच रेषेवर पुन्हा उघडते. भेग पडली ती तंतूंचा थर वाकला किंवा तुटला म्हणून, आणि त्या थराला कुणी हातच लावलेला नसतो.

भेग काय सांगते

दुरुस्तीची सुरुवात ग्राइंडरने होत नाही, नुसत्या बघण्याने होते. प्रत्येक भेगेला आकार असतो आणि त्या आकारात कारण असतं. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटलेल्या रेषा दिसल्या तर तिथे घाव बसला आहे. पुष्कळदा तो आतून बसलेला असतो: चाकाने उडवलेला दगड मडगार्डच्या पोटावर आदळतो आणि तारा बाहेर उमटतो. शेजारी शेजारी समांतर रेषा असतील तर तो भाग चालत्या गाडीत सतत लवतो आहे, त्याला आतून आधार कमी पडतो. बोल्टच्या भोकापासून निघालेली रेष सांगते की बोल्ट जास्त आवळला आहे, वायसर लहान आहे किंवा खालचा सांगाडाच वाकडा आहे. आणि कुठलंही केंद्र नसलेली, सगळीकडे पसरलेली बारीक जाळी म्हणजे बहुधा मूळ जेलकोटच जाड मारला गेला होता किंवा वर्षानुवर्षांच्या उन्हाने तो जर्जर झाला आहे.

मँक्ससारख्या गाडीत सांगाड्याची शंका आधी घ्यावी. फायबर गंजत नाही, पण त्याखालची बीटलची फरशी गंजते. ती ढिली झाली की रस्त्याचे सगळे पीळ बॉडी सोसते, आणि बॉडी त्यासाठी केलेलीच नसते. काही गाड्यांत फायबरच्या थरांमध्येच लोखंडी पट्ट्या किंवा नटाच्या बुशी गाडलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत पाणी पोचलं की गंज फुगतो, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि भोवतीचं फायबर आतूनच फाकतं. अशा ठिकाणी लोखंड बाहेर काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

डोळ्यांना दिसत नाही ते कानाला कळतं. एक नाणं घ्यावं आणि बॉडीवर बोटभर अंतराने टकटक करत जावं. थर एकमेकांना घट्ट धरून असतील तर आवाज खणखणीत येतो. थर सुटलेले असतील किंवा कुणी जाड पुट्टी भरून ठेवली असेल तिथे तो बद्द होतो. जिथे आवाज पडला तिथे खडूने खूण करावी. पूर्ण गाडी अशी वाजवून झाली की खडूच्या खुणांचा नकाशा तयार होतो, आणि दिसणारी भेग केवढी अन् खरा बिघाड केवढा हे त्यावरून कळतं.

एका मडगार्डची गोष्ट

समजा, मडगार्डला हातभर लांब आरपार तडा आहे. पहिलं काम धुण्याचं. वर्षानुवर्षांचं मेण आणि ग्रीस साबणाने व सॉल्व्हंटने आधी काढावं लागतं, कारण न धुता घासलं तर तेच मेण घासपेपर आत दाबून बसवतो आणि नवं रेझिन तिथे धरत नाही. जुना रंग काढायला पत्र्यावरचं रंग उतरवायचं रसायन कधीही वापरू नये. ते रंगापाशी थांबत नाही, जेलकोट आणि रेझिनही मऊ करतं, आणि थरांमध्ये शिरून बसलं तर नव्या रंगाला फोड आणतं. हाताने घासणं आणि पातळ पात्याने खरवडणं हाच सुरक्षित मार्ग, मग त्याला आठवडा लागो.

आता तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत आणून बाहेरून लाकडी पट्ट्यांनी जखडायच्या. मग गाडीखाली शिरायचं, कारण खरं काम मडगार्डच्या पोटात आहे. छत्तीस नंबरच्या जाड घासपेपरने तड्याच्या दोन्ही बाजूंनी आतला थर उतरता घासत आणायचा. नेहमीचा हिशोब असा की जाडीच्या बारा पट रुंद उतार द्यावा. बॉडी तीन मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला साधारण ३६ मिलिमीटर. हे जास्त वाटतं, पण त्याला कारण आहे. पूर्ण वाळलेल्या जुन्या रेझिनशी नवं रेझिन रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला घट्ट पकडून बसतं. मग पकडीची जागा जितकी मोठी तितका जोड पक्का.

मॅट कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडलेली बरी. फाडलेल्या कडेचे तंतू विरळ होत जातात आणि जोडाची ठळक रेष उमटत नाही. तीस बाय वीस सेंटिमीटरचा तुकडा धरा. मॅट ४५० ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ४५० ग्रॅम. असा एक तुकडा २७ ग्रॅम भरतो, तीन थरांचे ८१. मॅटला तिच्या वजनाच्या सुमारे अडीच पट रेझिन लागतं, म्हणजे साधारण २०० ग्रॅम. त्यात दीड-दोन टक्के हार्डनर, म्हणजे तीन ते चार ग्रॅम. वजनकाटा वापरावा, अंदाजपंचे काम करू नये. हार्डनर कमी पडला तर रेझिन महिनोन्महिने अर्धकच्चं राहतं, जास्त झाला तर ते तापून तडकतं.

हार्डनर पडल्यापासून हातात दहा-वीस मिनिटं असतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं. खोल डब्यात ठेवलं तर ती कोंडते आणि डबा धुमसायला लागतो. पसरट ताटात काढलं तर जास्त वेळ मिळतो. आता घासलेल्या जागेवर रेझिनचा हात फिरवायचा, मॅट ठेवायची आणि ब्रशच्या टोकाने टोचत टोचत भिजवायची. रंग मारल्यासारखा ब्रश ओढला तर तंतू गोळा होऊन येतात. दोन-तीन मिनिटांत एक सुंदर गोष्ट घडते. पांढरीशुभ्र मॅट हळूहळू पारदर्शक होत जाते आणि खालचा तडा तिच्यातून दिसू लागतो. तंतूंना एकत्र धरणारा मूळ बंध रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळला आणि प्रत्येक तंतू रेझिनने वेढला गेला, याची ती खूण. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा आहे. रोलर फिरवून ती कडेपर्यंत ढकलत न्यायची. मग दुसरा थर, मग तिसरा. अशा तीन थरांची जाडी सुकल्यावर सुमारे तीन मिलिमीटर भरते, म्हणजे मूळ बॉडीएवढी.

हवेशी संबंध आलेला वरचा भाग काही काळ चिकट राहतो, कारण ऑक्सिजनमुळे रेझिनच्या पृष्ठभागाचं घट्ट होणं अडतं. दुरुस्तीला ते सोयीचं आहे, पुढचा थर त्याच दिवशी घातला तर तो या चिकट थराशी रासायनिकरीत्या जोडला जातो. शेवटच्या थरासाठी मात्र मेण मिसळलेलं रेझिन घेतात. मेण वर तरंगून हवा अडवतं.

आतला जोड पूर्ण वाळला की मगच बाहेर यायचं. लाकडी पट्ट्या काढायच्या, तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी उथळ खाच करायची, तिच्यात पातळ मॅटचे एक-दोन थर भरायचे, आणि त्यानंतर पुट्टीचा नुसता पातळ हात, बारीक खळगे बुजवण्यापुरता. शेवटी जेलकोट किंवा प्रायमर आणि रंग. बनवणारा बाहेरून आत गेला होता, दुरुस्त करणारा आतून बाहेर आला. हा क्रम पाळला की पुट्टीला पुट्टीचंच काम उरतं.

उडालेला तुकडा आणि नकलेचा साचा

कधी कधी तुकडाच हरवलेला असतो. सपाट जागा असेल तर मागे मेण लावलेली फॉर्मायकाची पट्टी बांधून भोक भरता येतं. पण मँक्सच्या मडगार्डला सपाट जागा जवळजवळ नाहीच. तिथे तशाच दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी लागते. तिच्या चांगल्या मडगार्डवर मेणाचे बरेच हात, त्यावर पाण्यात विरघळणारी पातळ पापुद्र्यासारखी फिल्म, मग जेलकोट आणि दोन-तीन थर मॅट. सुकल्यावर ते कवच उचललं की साचा तयार. त्यातून हवा तेवढा तुकडा काढून आपल्या गाडीला जोडायचा. साचा त्याच बाजूच्या मडगार्डचा हवा. उजवं आणि डावं एकमेकांचं आरशातलं रूप असतं, त्यामुळे आपल्याच गाडीची दुसरी बाजू उपयोगी पडत नाही. म्हणूनच किट कार बाळगणाऱ्यांमध्ये एकमेकांना गाडी उसनी देण्याची रीत टिकून आहे.

याच तंत्राने मायर्सचं नुकसानही केलं. संपूर्ण मँक्सवरून साचा काढणं कुणालाही शक्य होतं आणि अनेकांनी ते केलं. मायर्स न्यायालयात गेला, पण त्याचं पेटंट टिकलं नाही. मूळ मँक्स काही हजारच बनल्या, नकला त्यांच्या कितीतरी पट निघाल्या, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मायर्स या धंद्यातून बाहेर पडला. त्याची कामगिरी मात्र विसरली गेली नाही. पहिली मँक्स, ‘ओल्ड रेड’, २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली. मायर्स २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी वारला.

दुरुस्ती करणाऱ्याला नकलांचा हा इतिहास माहीत असायला हवा. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. नकलेवरून पुन्हा नक्कल काढत गेलं की आकार किंचित आकसत आणि कडा बोथट होत जातात. त्यामुळे उसना साचा कुठल्या बॉडीवरून काढला आहे ते आधी पाहावं, नाहीतर तुकडा जोडायच्या वेळी कडा जुळत नाहीत.

रंगाचा अवघड प्रश्न

मँक्सच्या अनेक बॉड्यांवर रंग मारलेलाच नसतो. त्यांचा रंग जेलकोटमध्येच असतो आणि त्यात चमचमणाऱ्या धातूच्या बारीक टिकल्या मिसळलेल्या असतात. साच्यात आधी पारदर्शक जेलकोट, त्यामागे टिकल्यांचा थर, त्यामागे मॅट. दुरुस्तीत हा क्रम उलटवून आधी टिकल्या आणि वर पारदर्शक थर देता येतो. पण पन्नास वर्षांच्या उन्हाने जुना पारदर्शक थर पिवळसर आणि टिकल्या फिक्या झालेल्या असतात. नवं ठिगळ कितीही कौशल्याने लावलं तरी उन्हात उठून दिसतं.

इथे दोन मार्ग उरतात. सगळी बॉडी घासून नव्याने टिकल्यांचा रंग द्यायचा, किंवा जोड आतून भक्कम करून बाहेरचा व्रण तसाच ठेवायचा. मूळ जेलकोट शाबूत असेल तर माझं मत दुसऱ्या बाजूला पडतं. तो एकदा घासला की परत येत नाही, आणि गाडीच्या जन्माचा पुरावा त्याच्यातच आहे. तो आधीच जाळीदार होऊन सुटत असेल, किंवा आधीच्या कुणी चार रंग चढवले असतील, तर पहिला मार्ग योग्य. रंगकाम कुठलंही असो, पत्र्याच्या गाडीसारखं भट्टीत जास्त तापवू नये. उष्णतेने आत अडकलेली हवा फुगून फोड येतात, आणि मॅटच्या तंतूंची नक्षी रंगातून वर उमटते.

आपल्याकडचे कारागीर

भारतात किट कारची परंपरा रुजली नाही, पण फायबरच्या गाड्या इथेही झाल्या. बंगळुरूच्या सिपानी कंपनीची तीनचाकी ‘बादल’ आणि ब्रिटिश रिलायंट किटनवर बेतलेली १९८२ ची ‘डॉल्फिन’ या दोन्हींची बॉडी फायबरची होती. गाडीपेक्षाही ही विद्या आपल्याकडे जिवंत आहे ती कोकण किनाऱ्यावर. तिथल्या बंदरांत फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर हेच रेझिन आणि हीच मॅट वापरतात. मायर्सही होडीवाल्यांच्याच धंद्यातून आला होता. अशी गाडी कुणाकडे असेल तर त्याने पत्र्याच्या डेंटिंगवाल्याच्या आधी होडीवाल्याला गाठावं.

काम स्वतः करणार असाल तर दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. आपल्याकडे रेझिन, ते घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट आणि हार्डनर पुष्कळदा वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावं आणि हार्डनर सगळ्यांत शेवटी घालावा. तो डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल हवाच. घासताना उडणारी काचेची धूळ आणि रेझिनचा वास यांसाठी साधा कापडी रुमाल उपयोगाचा नाही. धूळ आणि वाफ दोन्ही अडवणारा कार्ट्रिजचा मास्क लागतो. पावसाळ्यात हे काम टाळावं. ओलसर मॅट रेझिन नीट पीत नाही आणि दमट हवेत रेझिन नीट घट्ट होत नाही.

जोड पूर्ण झाला की मडगार्डच्या पोटात पक्क्या मार्करने दोन ओळी लिहून ठेवा: तारीख, आणि रेझिन पॉलिएस्टर की इपॉक्सी. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला जास्त घट्ट धरतं, म्हणून काही जण ते निवडतात. त्यासाठी विणलेलं किंवा शिवलेलं काचेचं कापड लागतं, कारण साध्या मॅटचा बंध स्टायरीननेच विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतं. पण एकदा इपॉक्सी लागलं की त्यावर पॉलिएस्टर भरवशाने बसत नाही. आपल्या आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने ही नोंद ठेवलेली नसते, म्हणून आपला निम्मा वेळ त्याने काय केलं हे शोधण्यात जातो. फायबरची गाडी जितक्या वेळा फुटेल तितक्या वेळा घडवता येते, पण त्यासाठी प्रत्येकाने पुढच्याला खरी माहिती द्यायला हवी.